फिनेलने धुतलेलं घर

१९६८ सालची गोष्ट. मी तेव्हा सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायची. एका उजाड माळावर फार प्राचीन माणसांची गोल दगडी घरं होती. छपरं कधीच गेलेली, छातीएवढ्या भिंती तेवढ्या उरलेल्या. तिथून रस्ता जाणार होता. ज्या घरात माणसं राहिल्याची खूण मिळेल ते राखायचं, बाकीच्यांची खडी करायची, असा हुकूम होता.

खूण एकाच घरात होती. मधोमध दगड मांडून केलेली चूल आणि तिच्याभोवती राखेचे काळे थर. पण त्या घरात वर्षानुवर्षं मेंढ्या बसत. घोटाभर लेंड्यांचा चिखल, कोपऱ्यात मेलेलं कोकरू, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. माझा जेवणाचा डबा रोज भरलेलाच परत जायचा. तरी आत बसून मी चूल कागदावर उतरवली. आमच्या खात्याचे साहेब मात्र नाकाला रुमाल लावून दारातच उभे.

मेंढ्यावाली म्हातारी खिदळायची. "साहेब, नाक घरी ठेवून यायचं की!"

"मावशी, आधी मेंढ्या हलवा."

"त्या इथंच जन्मल्या. तुम्ही परवा आलात."

कोणतं घर राखायचं ते ठरवणारी समिती पाहणीला येणार त्या सकाळी मी टेकडीपलीकडची भिंत मोजायला गेले. परतले तो फिनेलचा भपकारा. घर खरवडून, धुऊन लख्ख! लेंड्या, कोकरू आणि राख, काळं दिसेल ते सगळं साहेबांनी मजुरांकडून उपसून बाहेर ढिगावर टाकून घेतलं होतं. फोटो नीट यावा म्हणून चुलीचे दगडही भिंतीकडेला रचलेले.

"साहेब, चूल?"

"अहो, काजळी होती नुसती. एवढ्या मोठ्या माणसांना काय घाणीत उभं करायचं?"

समितीतल्या गृहस्थांनी आत डोकावलं. "हा तर मेंढवाडा!"

मी नकाशा पुढे केला. "इथे चूल होती."

"कुठे आहे?"

मी बाहेरच्या ढिगाकडे बोट दाखवलं. साहेब हसले. "बाईंना ऊन लागलंय."

घर धुतलेलं होतं, तरी त्या दिवशीही माझा डबा भरलेलाच परत गेला.

घराची खडी झाली. साहेब बढत्या घेत निवृत्त झाले आणि शेवटपर्यंत स्वच्छतेवर भाषणं देत राहिले. मावशी मेंढ्या विकून लेकीकडे गेली, तिथेच वारली. मी आणखी पुष्कळ पडकी घरं मोजली, पण नकाशा मंजूर होईपर्यंत आत झाडू जाऊ दिला नाही. आमच्या घरात फिनेलची बाटली अजून येत नाही. सुना एकमेकींना म्हणतात, सासूबाईंचं खूळ.