माझ्या पोटातल्या अकरा ओव्या

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. घरातल्या माणसांनी आपली सर्वांत मोलाची ठेव तुमच्या हवाली केली आहे. एके दिवशी ती मागायला ते येतात. ती तुमच्याजवळच असते, पण तुम्हाला देता येत नाही. कसे वाटेल?

मी एक जुना संगणक आहे. उमेदीची वर्षे माधवनगरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवण्यात गेली. नंतर जोतीरामांनी मला आटपाडीजवळच्या आपल्या गावी आणले. हे घर मेंढरे राखणारे. त्यांच्या मुलीला, क्रांतीला, माझा फार लळा. तिच्या शाळेतल्या उत्कर्षाबाईंनी माझ्यात अँटिव्हायरस बसवून दिला. कळपाभोवतीचे कुत्रे परक्याची चाहूल लागताच भुंकते, तसा तो माझा राखणदार होता; क्रांती त्याला माझे कुत्रेच म्हणे.

क्रांतीचे आजोबा नाथाजी बिरोबाच्या ओव्या गात. त्यांच्या घशाच्या ऑपरेशनआधी तिने अकरा ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करून माझ्यात ठेवल्या. पुढे तो मोबाईल बिघडला आणि ऑपरेशनात नाथाजींचा आवाज गेला. आता तो फक्त माझ्यापाशी उरला होता. मेंढरे वाडग्यात, काटेरी कुंपणाआड, कोंडली की म्हातारा माझ्यासमोर बसे, स्वतःचाच आवाज ऐके आणि गुडघ्यावर ताल धरे.

यंदा बिरोबाच्या जत्रेचे चित्रीकरण भरलेला एक पेनड्राईव्ह गावात घरोघर फिरत होता. आमच्याकडे आला तेव्हा क्रांतीने तो मला लावला, आणि माझा राखणदार भुंकला. यात धोका आहे, अशी पाटी पडद्यावर उमटली. तिने वडिलांना दाखवली. जोतीराम हसले.

“अगं, देवाची जत्रा हाय त्यात. भंडारा कवा चाळून कपाळाला लावतो का आपण? बंद कर ते तुझं कुत्रं.”

तिने राखणदार बंद केला. सगळ्यांनी जत्रा पाहिली, आणि पेनड्राईव्ह शेजारच्या शालूबाईंकडे गेला.

दोन दिवसांत माझे अंग जड झाले. ओव्यांचा कप्पा रिकामा दिसू लागला. भलत्याच नावांच्या फाइली जागोजाग उगवल्या. घाबरून क्रांती ओळखीचे दिसेना ते पुसत सुटली. थांब, त्या भलत्या नावांखाली ओव्याही दडल्या आहेत, असे मला ओरडून सांगायचे होते. नाथाजींनी हाताच्या खुणेने विचारले, काय झाले? तिने त्यांना रिकामा कप्पा दाखवला.

आटपाडीचा संगणक दुरुस्त करणारा दुकानदार फोनवर म्हणाला, सगळे पुसून नव्याने सुरू करावे लागेल. जोतीराम मला उचलून न्यायला निघाले. क्रांतीने मला दोन्ही हातांनी धरून ठेवले. बाईंना विचारल्याशिवाय नेऊ देणार नाही, एवढेच ती म्हणत राहिली.

उत्कर्षाबाई आल्या. आधी त्यांनी माझे इंटरनेट तोडले. शाळेतल्या निरोगी संगणकावर तयार केलेली डिस्क लावून मला सुरू केले आणि माझा कानाकोपरा तपासला. तीन तास लागले. विषाणू निघाला आणि त्याने दडवलेल्या ओव्या एकेक करून दिसू लागल्या. नऊच. दोन क्रांतीच्या हातून पुसल्या गेल्या होत्या. बाईंनी पुष्कळ शोधल्या, पण मिळाल्या नाहीत. उरलेल्यांची प्रत त्यांनी दुसरीकडे काढून ठेवायला लावली.

नाथाजींनी नऊही ऐकल्या. दहावी लागेना, तेव्हा त्यांचा हात गुडघ्यावर तसाच थांबून राहिला.

मित्रांनो, आपल्या माणसाने दिलेली वस्तूही रोग घेऊन येऊ शकते. ती तपासली म्हणून माणसाचा अपमान होत नाही, देवाचाही नाही. राखणदाराला गप्प करू नका. आणि मोलाचे कधी एकाच ठिकाणी ठेवू नका. मी तर जुनाच आहे.

त्या संध्याकाळी क्रांती म्हणाली, तो पेनड्राईव्ह अजून फिरतोय, गावाला सांगायला हवे. जोतीरामांना ते रुचले नाही.

“गप ऱ्हा. जत्रेच्या वस्तूला नाव ठेवलं म्हणून गाव आपल्यालाच हसंल.”

“आप्पा, शालूकाकूंच्या सूरजदादाचं मिल्ट्रीतलं समदं फोटो त्यांच्या कम्प्युटरात हायत.”

क्रांतीने चपला घातल्या. भिंतीपलीकडून तिचा आवाज मला ऐकू आला.

“काकू, त्यात धोका हाय ते मला दिसलं हुतं. तरी बी मी तुमाला दिला.”

शालूबाई बराच वेळ बोलल्या, रागानेच. क्रांतीने सारे ऐकून घेतले. मग पेनड्राईव्ह पुढे कोणाकडे गेला ते विचारले, आणि त्या घराकडे निघाली.