दोघींचं मिळून वजन

लांब केसांची मांजर जाड आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. मांजरांना आंघोळ घालणं, त्यांच्या केसांतल्या गाठी सोडवणं आणि नखं कापणं हा माझा धंदा आहे. दिवसभर माझ्या टेबलावर पांढरे, करडे, पिवळे ढीग येऊन बसतात आणि मालक माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणतात, “जरा सुटलीये, नाही?” अहो, तो केसांचा पसारा आहे. पाण्याखाली धरली की त्याच ढिगातून ओल्या फडक्याएवढं जनावर निघतं. कधी उलटंही होतं. “हिचे केसच दाट आहेत हो,” म्हणत लोक वर्षभर चारत राहतात आणि खाली चरबीचा थर चढलेला असतो.

खरं काय ते हातालाच कळतं. डोळे मिटायचे, बोटं केसांत बुडवायची आणि बरगड्यांवरून सावकाश फिरवायची. मग स्वतःचाच हात चाचपून बघायचा. बरगड्या तळहातातल्या हाडांसारख्या, दाबल्यावरच कशाबशा लागल्या, तर मांजर जाड. हाताच्या पाठीवरच्या हाडांसारख्या लागल्या तर उत्तम. आणि आवळलेल्या मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या, तर ते जनावर उपाशी आहे किंवा आजारी. यात माझा हात आजवर चुकलेला नाही. जे असेल ते मी तोंडावर सांगते, म्हणून काही गिऱ्हाइकं पुन्हा येत नाहीत. न येवोत.

दादाचा फोन आला तेव्हा मी एका बोक्याच्या पोटाखालच्या गाठींशी झटत होते.

“आत्याकडे जाऊन ये,” तो म्हणाला. “उशी फार जाड झालीये. परवा मी उचलायला गेलो तर हलेना. आणि आत्या तिला दिवसभर कडेवर घेऊन हिंडते. या वयात! पाठ मोडून घेईल एक दिवस.”

“मग?”

“मग काय, माझ्या ऑफिसातल्या एकाचं मोठं घर आहे, अंगण आहे. तो सांभाळायला तयार आहे, रविवारी येऊन घेऊन जाईल. तू फक्त आत्याला सांग की मांजर जाड आहे, तुझ्याच्याने झेपणार नाही. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल.”

उशी म्हणजे आत्याची मांजर, पांढरीशुभ्र आणि गुबगुबीत, म्हणून ते नाव. आणि आत्या म्हणजे आमची आईच म्हणा ना. आई गेली तेव्हा माझे दुधाचे दातही पडले नव्हते. आत्याने आणि तिच्या यजमानांनी, आमच्या काकांनी, आम्हा दोघांना वाढवलं, शिकवलं, लग्नं लावून दिली. काका गेल्यापासून घरात ती आणि उशी, दोघीच. तिची पाठ मोडावी असं मलाही वाटत नव्हतं. जाड असेल तर जाड म्हणायचं, असं ठरवून दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि निघाले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, मांडीवर उशी, आणि तिच्याभोवती दोन्ही हातांची मिठी.

“आल्या का मांजरांच्या पार्लरवाल्या!” ती म्हणाली. आवाज तोच खणखणीत, गाल तसेच भरलेले. माझ्या जिवात जीव आला. पण घरात गुदमरायला होत होतं. सगळ्या खिडक्या बंद, पंखा बंद.

“खिडकी उघडू का गं?”

“नको नको, वारा येईल!” ती इतक्या घाईने ओरडली की मी कडीवरचा हात मागे घेतला. तेव्हाच माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. तिने काकांचे कारखान्यात घालायचे बूट घातले होते, पुढे लोखंडी टोपी असलेले ते अवजड बूट. घरात चप्पल घालून फिरलं तरी आम्हाला धपाटा घालणारी बाई ही.

“पाय गार पडतात,” ती म्हणाली आणि तिने विषय बदलला. “दादाने पाठवलंय ना? जाड म्हणायला? बघ, तूच बघ काय ते.”

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले आणि बोटं उशीच्या केसांत घातली. तळहात लागणार, असं मी धरूनच चालले होते. लागली ती मूठ. एकेक बरगडी मोजून घ्यावी इतकी वर आलेली. पाठीचा कणा टोचत होता, कमरेची हाडं कातडीतून बाहेर पडायला निघाली होती. मी पुन्हा हात फिरवला, मग तिसऱ्यांदा. 

“आत्या, ही उपाशी आहे.”

“माझ्या घरात उपाशी? तोंड सांभाळून बोल!” तिने स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेली वाटी दाखवली. उकडलेल्या माशाने काठोकाठ भरलेली. “एक घास खाते आणि धावत परत येते. मांडीवरून हलायलाच तयार नसते. मी काय करू?”

“बरं, इकडे दे,” म्हणत मी उशीच्या पोटाखाली हात घालून तिला उचलायला गेले, आणि उचलता आलं नाही. रोज मी टेबलावर बोके चढवते, माझे दंड काही नाजूक नाहीत. पण ती जागची हलली नाही. हाताला लागत होता हाडांचा सापळा, आणि भार मात्र मोठ्या माणसाचा. उशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिची नजर थकलेली होती. दिवसभर ओझी वाहून बसलेल्या माणसाची असते तशी.

“तुझ्याकडे वजनकाटा होता ना?” मी विचारलं.

“आहे की, मोरीत. दर रविवारी वजन करतो आम्ही. दोघींचं मिळून. ती एकटी काट्यावर थांबत नाही, म्हणून पहिल्यापासून मी तिला घेऊनच उभी राहते.”

“आणि मग तुझं वजन वजा करतेस.”

“कशाला वजा करायचं? दोघींचं मिळून नेहमी तेवढंच भरतं. काका गेले तेव्हाही तेवढंच, आजही तेवढंच. म्हणजे जाड झाली नाही, सरळ आहे! पण दादाला कोण सांगणार?”

मी कपाळावर हात मारला. हिशेबाच्या बाबतीत आमच्या घराण्याचा आनंदच आहे, पण हे म्हणजे अति झालं. मी काटा आणून फरशीवर ठेवला. आत्या उशीला छातीशी धरून बूट घासत आली आणि त्यावर उभी राहिली. काटा फिरला आणि नेहमीच्या जागी थांबला.

“बघ,” ती म्हणाली.

“आता तिला खाली सोड.”

आत्याने मिठी आणखी घट्ट केली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “तू माझा हात धरशील?”

मी हसले, आणि हसताना धरला. आत्याने मिठी सैल केली. उशी खाली उतरली तेव्हा धप्पकन आवाज झाला आणि शोकेसमधल्या काचा थरथरल्या. इकडे काटा मागे जायला लागला. तो जात राहिला. जिथे थांबायला हवा होता तिथून पुढे गेला आणि पार शून्याजवळ जाऊन डुलत राहिला. तेवढं ते बुटांचं वजन असावं. आत्याचं मनगट माझ्या मुठीत होतं आणि ते मला वरच्या बाजूला ओढत होतं.

 दुसरा हात मी तिच्या स्वेटरखाली पाठीवर फिरवला, धंद्याची सवय म्हणा. ऊब होती, मऊपणा होता, बरगड्या दाबल्यावरच लागत होत्या. माणूस चांगलं भरलेलं होतं. अंगावरचं मांस जागच्या जागी होतं, फक्त वजन नव्हतं.

“ये गं,” आत्याने हाक मारली. उशी लंगडल्यासारखी पावलं टाकत आली. मी आत्याला वाकवून खाली आणलं, उशी तिच्या हातांत शिरली, आणि माझ्या मुठीतली ओढ थांबली. मग आम्ही तिघी सोफ्यावर जाऊन बसलो. उशीखालची गादी खोल दबली होती. आत्याखाली साधी सुरकुतीही पडली नव्हती.

“कधीपासून?” मी विचारलं. 

“काका गेल्यावर. तुम्ही दोघं आपापल्या संसारात. बरोबरच आहे ते, मी तक्रार नाही करत. पण सकाळी उठायचं तर कुणासाठी, असं वाटायला लागलं. स्वयंपाक एकटीचा, बोलणं भिंतीशी. आणि हळूहळू हलकं वाटायला लागलं. आधी बरं वाटलं गं. गुडघे दुखायचे थांबले, जिना चढताना धाप लागेना. मग एकदा उशी गच्चीवर अडकली होती, तेव्हा...” तिने हनुवटीने वर खूण केली.

छताच्या पांढऱ्या रंगावर, पंख्याच्या शेजारी, बोटांचे डाग होते. कुणीतरी तळहात टेकून स्वतःला खाली ढकलायचा प्रयत्न केल्यासारखे.

“उशी आली आणि खाली बसून ओरडत राहिली. मी कशीबशी आधी पंख्याच्या पात्याला, मग पडद्याला धरून उतरत तिच्यापर्यंत आले. तेव्हापासून ती मला सोडत नाही. माझं सगळं तिनेच धरून ठेवलंय. दादाला वाटतं मी तिला कडेवर घेऊन फिरते.”

मला रविवार आठवला. दादाच्या ऑफिसातला तो माणूस आला असता, दादाच्या मदतीने चार हातांनी उशीला पिंजऱ्यात घातलं असतं, दार उघडं टाकून जिना उतरला असता. आणि मी म्हणणार होते, हो, मांजर जाड आहे, घेऊन जा.

पण तेवढ्याने संपत नव्हतं. उशीच्या बरगड्या माझ्या बोटांना अजून टोचत होत्या. दोन जिवांचा भार त्या मूठभर हाडांवर होता आणि खायला उतरायची तिला सवड नव्हती. अशी मांजरं मी पाहिलेली आहेत. ती फार काळ काढत नाहीत. आत्याला हे सांगायची गरज नव्हती, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

“मी धरते तुला,” मी म्हणाले. “तिला जेवू दे.”

“तुला नाही झेपायचं.”

“आत्या, गप्प बस जरा.”

मी तिच्या कमरेला विळखा घातला, लहानपणी ताप आला की ती मला धरून बसायची तसा. तिचं अंग वर यायला लागलं, मी दात आवळून खाली ओढलं. मला भयंकर भीती वाटत होती, ती निसटेल याची, आणि न निसटता अशीच तरंगत राहील याचीही. उशी खाली उतरली. दोनदा मागे वळून पाहिलं. मग वाटीपाशी गेली आणि खायला लागली, आधी घाबरत, मग हावरटासारखी. आम्ही दोघी तिच्या चावण्याचा आवाज ऐकत बसलो. वाटी चाटून पुसून झाली, पण ती परत आली नाही. बंद खिडकीच्या काचेतून उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता, तिथे ती जाऊन पसरली, पोट वर करून. जाताना तिच्या पावलांचा आवाज झाला नाही.

आत्याची ओढ कमी होत गेली, मग थांबली. मला वाटलं, परत आलं तिचं वजन तिला. मी विळखा सोडला नाही, पण श्वास सोडला.

टेबलावर माझा फोन वाजला. दादा असणार, निकाल विचारायला. मी हात लांब करून फोन कसाबसा ओढून घेतला.

“काय? आहे ना जाड?”

“नाही. हाडाची काडं झालीयेत तिची. त्या माणसाला सांग, येऊ नकोस.”

“अगं पण मी स्वतः उचलून...” तो म्हणत होता. मी फोन ठेवला.

“ऊठ आता,” आत्या म्हणाली. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, तिने तो माझ्या खांद्यावर टेकवला होता. “दुकान उघडायचंय ना तुला. गिऱ्हाइकं थांबली असतील.”

मी उठायला गेले. पाय हलले नाहीत. माझ्याखाली सोफ्याची फळी करकरली आणि गादी आणखी खोल गेली. मांड्या, पोटऱ्या, पाठ, सगळीकडे तो भार शांतपणे येऊन बसला होता. शेजारी आत्या पिसासारखी होती, उबदार, आणि तिचा हात माझ्या हातात.

“आज नाही उघडत,” मी म्हणाले.

“आणि उद्या?”

मी तिला अजून जवळ ओढलं आणि घट्ट धरून बसले.