लुरीथाबाईंची होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि एका जागी गप्प राहणं मला जन्मात जमलेलं नाही. बांधून ठेवलं तरी मी डुलते, दोराला हिसके देते, काठावर टकटक करते. "हिला जरा म्हणून चैन नाही," असं लुरीथाबाई म्हणतात, आणि ते खरंच आहे.

अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनात नदीकाठी जे जुनं, पुराचं पाणी शिरणारं रान आहे, तिथे माझा जन्म झाला. वादळात पडलेल्या एका सायप्रसच्या झाडाच्या फळ्या काढून लुरीथाबाईंच्या वडिलांनी मला जोडलं आणि फटींत डांबर भरलं. इथे पाणी कधी पुरुषभर, तर कधी घोट्याएवढं, म्हणून माझा तळ सपाट. मी मासे वाहिले, मध वाहिला, एकदा पुरात अडकलेली डुकरंसुद्धा वाहिली. डुकरांनी माझे जे हाल केले ते न सांगितलेलेच बरे. पुढे या रानाचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि शेकडो वर्षांची झाडं करवतीतून वाचली. पाहुणे येऊ लागले, कौतुकाने माझे फोटो काढू लागले. मग रंगीत प्लॅस्टिकच्या होड्या आल्या आणि मला कुणी विचारेनासं झालं. माझ्यात पाचोळा साठला, बेडकांनी संसार थाटला.

गेल्या वसंतात बाईंचा धाकटा भाऊ हेझेकाया फिलाडेल्फियाहून आला. बाईंनी सत्तरी ओलांडलेली, घरात एकट्या. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. ताईला शहरात न्यायचं, घर विकायचं आणि मला शेजाऱ्याच्या अंगणात फुलझाडं लावायला देऊन टाकायचं. माझ्यात माती! ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

निघण्याआधी बाईंना रान एकदा डोळे भरून पाहायचं होतं. मला धुऊनपुसून, उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन दोघं निघाले.

"ताई, डास फोडून खातायत गं मला!"

"शहरातलं रक्त कधी मिळतं त्यांना? चाखू दे बिचाऱ्यांना."

आत खोल रानात मातीचा एक मोठा उंचवटा आहे. पुरात गुरं चढवायला बाईंच्या पूर्वजांनी तो टोपलीटोपलीने रचला होता. तिथे दोघं उतरले. बाई पुढे गेल्या आणि हेझेकायाने मला सायप्रसच्या मुळाला बांधलं, अगदी बुडाशी, आखूड दोराने, करकचून. आमच्याकडे असं कुणी बांधत नाही. इथे लख्ख ऊन असलं तरी वर डोंगरात परवा पडलेला पाऊस गुपचूप येऊन पोचतो. म्हणून दोर उंच बांधायचा आणि भरपूर सैल सोडायचा. लहानपणी हे त्यालाही येत होतं.

व्हायचं तेच झालं. आवाज नाही, लाट नाही, फक्त चढत्या पाण्यावरचा पाचोळा झाडांमधून आत चालू लागला. पाण्याबरोबर मी वर येऊ पाहत होते, पण माझं नाक खाली जखडलेलं. मी हिसके देऊन थकले. नाकावरून पाणी आत आलं तेव्हा मी फार घाबरले. मी बुडाले तर ही दोन म्हातारी माणसं घरी कशी जाणार?

लुरीथाबाईंनी वरून पाहिलं आणि त्या तशाच कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या.

"हेझ! असं बांधतात होय रे?"

"निसटू नये म्हणून घट्ट बांधली, ताई."

"निसटली नसती. बुडाली मात्र असती!"

पाण्याखालची गाठ सुटेना. शेवटी बाईंनी मासे कापायच्या सुरीने दोर कापला. "बघत काय उभा राहिलायस? पाणी उपस." हेझेकायाने डोक्यावरची भारीतली हॅट काढली आणि तिनेच उपसू लागला. उपसता उपसता म्हणाला, "म्हणून तर तुला नेतोय, ताई. हे पाणी एक दिवस तुझा घास घेईल."

"इथं पाणी कसं चढतं ते मला कळतं. तुझ्या शहरात मला काय कळणार?"

त्याचा हात थांबला. "तुला यायचंय का?"

"घराला गिऱ्हाईक बघितलंस, तिकीट काढलंस, होडी देऊन टाकलीस. आणि हे आज विचारतोस?"

"चुकलं माझं. पण आता विचारतोय ना."

"नाही यायचं मला," असं म्हणून बाई माझ्या काठावर डोकं टेकून रडल्या. त्यांना असं रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. हेझेकायाने ओल्या हाताने त्यांची पाठ थोपटली. "बरं," एवढंच म्हणाला आणि पुन्हा उपसू लागला.

तो एकटाच परत गेला. आम्ही दोघी इथेच आहोत, पण माझी भीती गेलेली नाही. माझ्या फटी वाढतायत, बाईंचे गुडघे दुखतायत, आणि पाणी काही आमच्यासाठी चढायचं थांबणार नाही.

मित्रांनो, जुन्या माणसांना आणि जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण आपल्या मनाने त्यांना उचलून दुसरीकडे ठेवण्याआधी एकदा विचारा. होडीला कोण विचारतं म्हणा! म्हणून मीच सांगून ठेवते. बाई गेल्यावर माझा निकाल लावायला कुणी आलंच, तर मला पाण्यात सोडा. बुडाले तरी चालेल.