खोटं बोलल्याचा आळ

मित्रांनो, तुमच्यावर कधी खोटं बोलल्याचा आळ आलाय का? माझ्यावर आलाय, आणि तोही मी खरं बोलत असताना! मी एक जुनं बीपी मशीन आहे. रत्नागिरीजवळ, नाचणे गावात राहतं.

घरातल्या म्हाताऱ्या अण्णांना अर्धांगवायू झाला तेव्हा मला घरी आणलं. त्यांच्या सूनबाई विमलाकाकू रोज सकाळी माझा पट्टा त्यांच्या दंडाला बांधायच्या. काकूंचे यजमान, म्हणजे काका, मुंबईला नोकरीत, मुलगी दिशा शाळेत. मग अण्णांना उचलणं, पुसणं, भरवणं सगळं काकूंवर. सुरुवातीला माझं काय कौतुक! येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे.

पण मला संशय येऊ लागला. पट्टा बांधताना काकू मध्येच कपाळ दाबून धरायच्या.  स्वतःला वाढलेली पेज तशीच गार व्हायची. काहीतरी लपवतायत, नक्कीच!

एकदा अण्णांचा आकडा जरा चढला. काकूंना माझाच संशय! मशीन तपासायचं तर धडधाकट माणसावर, म्हणून त्यांनी पट्टा स्वतःला लावला. मी सांगितलं, वरचा आकडा एकशे ऐंशी.

"बघा, बिघडलं!" काकू म्हणाल्या.

"सेल बदल गो," शेजारच्या गोदाआजी म्हणाल्या. सेल बदलले. पुन्हा तेच. "चायनाचा माल मेला!" आजी करवादल्या.

झालं! माझी रवानगी फळीवर. इतका राग आला म्हणून सांगू!

शेवटी दिशाने मला खाली काढलं. संशय तिलाही होता, पण माझा नव्हे. आईला जांभ्या दगडाच्या पायरीवर भिंत धरून बसलेलं तिने पाहिलं होतं. तिने माझा पट्टा आधी स्वतःच्या दंडाला लावला. आकडा ठीक. मग गोदाआजींना लावला. डॉक्टर सांगतात तोच आकडा.

"आई, मग हे फक्त तुझ्याच दंडावर खोटं कसं बोलतं?"

"मला काय धाड भरलीय? अण्णांचं बघायचंय अजून."

"आणि तूच पडलीस तर अण्णांना कोण उचलणार? मी?"

 काकू पट्टा घेऊन अण्णांकडे वळल्या, तर अण्णांनी आपला चांगला हात पांघरुणात लपवला. वाकड्या तोंडाने अडखळत म्हणाले, "आधी... तिचं."

काकू खुर्चीत बसल्या आणि रडायलाच लागल्या.

दिशाने आईला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर चांगलेच रागावले. "जागरण, काळजी, जेवणाचा पत्ता नाही. शरीर काय दगडाचं आहे?" त्यांनी गोळ्या दिल्या. काका रजा काढून आलेत. अण्णांना आता तेच उचलतात.

मित्रांनो, माझं एकच ऐका. घरात जे माणूस सगळ्यांचं करतं आणि "मला काय झालंय?" म्हणतं ना, त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. आधी त्याचा दंड पुढे करायला लावा!