पहिलीच्या वर्गातली आई

लीतियाची आई पहिलीच्या वर्गात बसायची. खिडकीजवळच्या बाकावर. वय वर्षं सहा, पुढचे दोन दात पडलेले आणि नाक बाराही महिने वाहतं.

उत्तरेकडच्या त्या बर्फाळ गावात याचं कुणालाच नवल नव्हतं. लीतियाची आई कुपानुआक वारली, त्याच आठवड्यात चुलतभावाला मुलगी झाली आणि नाव तिला मिळालं. नाव आलं म्हणजे माणूस आलं. तेव्हापासून चाळिशीची लीतिया त्या पोरीला 'आई' म्हणायची आणि पोरगी तिला 'लेकी' अशी हाक मारायची. लीतियाची सत्तरीची मावशी अकिनिसी ही आईची पाठची बहीण. ती पोरीला 'ताई' म्हणे आणि पोरगी तिला ठसक्यात 'धाकटे' म्हणे. दर थंडीला मावशी ताईसाठी सीलच्या कातड्याचे नवे बूट शिवायची आणि ताई ते महिन्याभरात फाडून ठेवायची.

"आमची ताई आधीपासूनच अशी," मावशी म्हणायची. "बूट घालते की चावते, देव जाणे."

वर्गातली बाकीची एकोणीस मुलं लीतियाला 'बाई' म्हणत. खरं तर ती अजून बाई झालीच नव्हती. अकरा वर्षं ती मदतनीस होती. दक्षिणेकडून मास्तर यायचे, मुलांची नावं नीट घ्यायला शिकेपर्यंत वर्ष सरायचं आणि उन्हाळ्यात हंस इकडे यायला लागले की मास्तर तिकडे निघायचे. त्यांचं बोलणं मुलांना आपल्या भाषेत समजावायचं काम लीतियाचं. शिकवायची ती आणि शिक्षक म्हणवायचे ते.

मग गावच्या बायकांसाठी शिक्षिकेचं प्रशिक्षण सुरू झालं. दर उन्हाळ्यात तीन आठवडे शेजारच्या गावात वर्ग, थंडीत घरी बसून वह्या भरायच्या. पण लीतियाला घडवलं ते मावशीनं. प्रशिक्षण नव्हतं तेव्हापासून शिकवणारी ती गावातली पहिली शिक्षिका. निवृत्त झाली तरी रोज वर्गात मागच्या खुर्चीवर शिवत बसायची. काय चुकलं ते तिनं तोंडानं कधी सांगितलं नाही. लीतिया चुकली की मावशीची सुई थांबायची. चूक आपली आपण शोधायची, सापडली की सुई पुन्हा चालू.

आता शेवटचा धडा तेवढा राहिला होता. तो बघायला डियान नावाची परीक्षक वर्षातून एकदाच विमानानं यायची. बाई वाईट नव्हती, पण तिच्या कागदाला रकाने होते. मागल्या खेपेला तिनं लीतियाला पास केलं नव्हतं आणि लिहिलं होतं, 'एक मुलगी शिक्षिकेला लेक म्हणते. शिक्षिका तिला रागावत नाही. सगळ्या मुलांना सारखं वागवावं.'

"आईला रागावू कशी?" लीतियानं मावशीला विचारलं होतं.

"तिला म्हणावं, आधी तू तुझ्या आईला रागावून दाखव. आम्ही मागे बसून बघतो."

दोघी पोट धरून हसल्या होत्या. पण ही खेप शेवटची होती. यंदाही अडकली तर ऑगस्टपासून पहिलीचा वर्ग दक्षिणेच्या नव्या मास्तरकडे जाणार होता आणि पोरांच्या कानावर पहिल्या दिवसापासून परकी भाषा पडणार होती.

परीक्षेचं नाव काढलं की लीतिया विषय बदलायची, त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी आईला दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. विमानापाशी आईनं तिचा हात धरला होता.

"चल ना माझ्याबरोबर. तिथे सुया टोचतील. माझं बोलणं कुणाला कळायचं?"

त्याच आठवड्यात लीतियाची प्रशिक्षणातली लेखी परीक्षा होती. ती म्हणाली, "मावशी आहे ना सोबत. परीक्षा झाली की येतेच."

आईनं हट्ट केला नाही. शिडीवरून तिनं एकदा मागे वळून पाहिलं. नवव्या दिवशी, लीतियाचं विमान निघायच्या आधीच, ती गेली. परीक्षेत लीतिया पहिली आली, पण ही गोष्ट तिनं कधी कुणाला अभिमानानं सांगितली नाही.

डियान आली त्या दिवशी धडा मोजमापाचा होता. कातड्याच्या वाद्या वितीनं मोजायच्या आणि आकडे आपल्या लिपीत लिहायचे. वर्ग रंगला होता. तेवढ्यात कुपानुआक बाक सोडून पुढे आली. गाल लाल, हात कानावर.

"लेकी, कान दुखतोय."

लीतियानं कपाळाला हात लावला. चांगलंच तापलं होतं.

"दवाखान्यात चल. तू चल," पोरगी म्हणाली. "ती सुई टोचेल."

मागे मावशीची सुई थांबली. डियानचं पेन मात्र चालू होतं.

"आई, तू मावशीबरोबर जा," लीतिया म्हणाली. "धडा झाला की येतेच."

शब्द तोंडातून सुटले आणि तिचे तिलाच ऐकू आले. तेच शब्द.

"धाकटी नको. तू."

लीतिया फळ्याकडे वळली. मावशीनं शिवण खाली ठेवली, "चल ताई" म्हणाली आणि पोरीचा हात धरला. दारातून पोरीनं एकदा मागे वळून पाहिलं. लीतियानं बघितलं नाही, पण तिला कळलं.

धडा उत्तम झाला. डियाननं लिहिलं, 'प्रसंग शांतपणे हाताळला. सर्व मुलांना समान वागणूक.' खाली सही केली आणि मनापासून हात मिळवला.

लीतिया पळत दवाखान्यात गेली. तिथे कुणी नव्हतं. नर्सनं सुई टोचलीच नव्हती, नुसतं गोड औषध देऊन घरी धाडलं होतं. घरी पोरगी झोपली होती आणि उशाशी मावशी शिवत होती.

"पास झाले," लीतिया म्हणाली.

"बरं झालं. गावाला बाई मिळाली."

"मावशी, माझं चुकलं का गं?"

मावशीची सुई थांबली. ती म्हणाली, "पोरांसाठी केलंस. ते काही खोटं नाही."

सुई मात्र चालू झाली नाही. लीतियाला रडू आवरेना. आई उठू नये म्हणून ती बाहेर जाऊन रडली.

सोमवारी कुपानुआक कानात कापूस घालून शाळेत आली. लीतिया सकाळपासून तिच्या हाकेची वाट बघत होती. मधल्या सुट्टीच्या आधी पोरीनं इतरांसारखा हात वर केला.

"बाई."

"काय म्हणालीस, आई?"

"पेन्सिलीला टोक काढून द्या ना, बाई."

रुसवा नव्हता, राग नव्हता. ती पेन्सिल पुढे धरून उभी होती. लीतियानं टोक काढून दिलं. आता वर्गातली वीसच्या वीस मुलं तिला बाई म्हणत होती.