गरम पाण्यातले दोन अनोळखी

मास्तरांची कंबर सोमवारी गेली. गेली म्हणजे कोट कापायला टेबलावर वाकले ते वाकलेलेच राहिले. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, शिंपी भलताच अदबीचा दिसतोय. आयुष्यभर ओणवं राहून कापड कापणाऱ्या माणसाची कंबर एक ना एक दिवस सूड उगवतेच. पण डॉक्टरांनी सांगितलं काय, तर पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचा टब आहे, त्यात जाऊन बसा.

"मी काय बटाटा आहे, उकडायला?" मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले.

"बटाटा असतात तर एव्हाना नरम पडला असतात," बायको म्हणाली आणि तिने टॉवेल पिशवीत कोंबला.

खरं सांगायचं तर मास्तरांचं दुखणं कंबरेपुरतं नव्हतंच. त्यांचा धाकटा भाऊ येत्या एक तारखेपासून दुकान सोडून तयार कपड्यांच्या कारखान्यात चालला होता. ही बातमीसुद्धा त्यांना बायकोकडून कळली, कारण दोघा भावांत तीन वर्षं अबोला होता. दुकान एकच, पाठीला पाठ लावून बसायचं, मोठा कापणार, धाकटा शिवणार, आणि तोंडातून चकार शब्द नाही. मग काम कसं चालायचं? खडूने. मास्तर कापडाच्या उलट्या बाजूला लिहीत, 'बाही अर्धा इंच सोड'. धाकटा खाली फुली मारी, म्हणजे समजलं. दोन फुल्या म्हणजे समजलं, पण अक्कल तुझी गहाण पडलीय. गिऱ्हाइकं कोटाचं अस्तर उसवून बघत नाहीत हे नशीब, नाहीतर शहरातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी या दोघांचं भांडण अंगावर घालून हिंडतायत हे त्यांना कळलं असतं.

आणि भांडण तरी कशावरून? कोटाची कॉलर रुंद ठेवायची की अरुंद, यावरून. ज्याच्या कोटावरून वाजलं तो माणूस एव्हाना एवढा सुटला की कोट त्याला होत नाही; भांडण मात्र दोघा भावांना अजून अगदी मापात बसत होतं.

तर मंगळवारी मास्तर टबावर पोचले. भिंतीवर मोठी पाटी होती. गरम पाण्याने स्नायू सैल पडतात, सांधे मोकळे होतात, रक्त खेळतं, झोप चांगली लागते, असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. त्याखाली बारीक अक्षरातही बरंच काही होतं, पण चष्म्यावर वाफ धरली आणि मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. फायदे कळले, बाकी कशाला पाहिजे?

"पंधरा मिनिटं झाली की बाहेर यायचं, काका," टॉवेलवाला म्हणाला. "जास्त बसलं की चक्कर येते. ब्लडप्रेशर वगैरे नाही ना?"

"नाही," मास्तर म्हणाले. होतं, पण ते याला कशाला सांगा.

पाणी कंबरेला लागलं आणि त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं, पण ते सुखाचं. जरा डोळे मिटतात न मिटतात तोच वाफेतून दुसरा माणूस टबाच्या पायरीवर आला. चष्मा नसला म्हणून काय झालं? मास्तर माणसं तोंडावरून ओळखतच नसत, खांद्यावरून ओळखत. हा डावा खांदा किंचित उतरलेला. या खांद्याला त्यांनी शाळेच्या गणवेशापासून सदरे कापले होते. धाकटा!

धाकट्यानेही ओळखलं असणार, कारण तो एक पाय पाण्यात आणि एक बाहेर असा अडकून राहिला. मागे फिरावं तर पळाला असं होणार, बोलावं तर हरला असं होणार. शेवटी तो आत उतरला आणि समोरच्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत बुडून बसला.

"तुमचं काय, कंबर का?" त्याने विचारलं.

मास्तर चमकले. 'तुमचं'? धाकट्याने त्यांना जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पठ्ठ्या अनोळखी बनून आला होता. आणि अनोळखी माणसाशी अबोला कसला धरायचा? मास्तरांना एकदम हलकं वाटलं.

"कंबर," ते म्हणाले. "तुमचं?"

"मान. मशीनवर बसून आखडलीय."

"मशीन कसलं?" मास्तरांनी साळसूदपणे विचारलं.

"शिलाईचं. तुम्ही काय करता?"

"कापतो."

"वा वा," धाकटा म्हणाला. "झोपही चांगली लागते म्हणे या पाण्याने."

"लागली तर बरंच आहे. मला हल्ली लागत नाही. मला एक धाकटा भाऊ आहे."

"मला मोठा आहे."

"कसा आहे स्वभावाने?"

"हेकट."

"आमचाही तसाच," मास्तर म्हणाले. "आज या वेळेला इथे कोणी धाडलं तुम्हाला?"

"वहिनीने. तुम्हाला?"

"बायकोने."

दोघेही बुडबुडे मोजायला लागले. एकाच बाईने दोघांना एकाच वेळी एकाच भांड्यात शिजायला घातलं होतं. पण ते बोलून दाखवलं असतं तर खेळच मोडला असता.

"मग झोप का लागत नाही?" धाकट्याने हळूच विचारलं.

"भाऊ सोडून चाललाय. कारखान्यात. तिथे म्हणे एका माणसाने दिवसभर नुसत्या बाह्याच जोडायच्या. एवढा कसबी हात आहे त्याचा, त्याने शिवलेला कोट अंगावर बोलतो, आणि हा बाह्या जोडणार."

"हे त्याला सांगितलंत?"

"आमचं बोलणं नाही."

"मग त्याला कसं कळणार?" धाकट्याचा आवाज जरा चढला. "तो म्हणत असेल, मोठ्याला काय, मशीन चालवणारा कुणीही चालेल."

मास्तर पाण्यातच सरसावून बसले. असं वाटत होतं तर याला! "कुणीही नाही चालणार," ते म्हणाले.

"वेळ झाली," टॉवेलवाल्याने हाक दिली.

"आलोच," दोघे म्हणाले, आणि कोणीही हललं नाही. बाहेर खुंटीला कपडे होते, आणि कपड्यांत शिरलं की दोघे पुन्हा भाऊ होणार होते. टॉवेलवाला परत आला, चक्कर येईल म्हणून बजावून गेला. "आम्हाला नाही येत," दोघांनी एका सुरात सांगितलं.

मास्तरांनी मनाचा हिय्या केला. आता सरळ सांगायचं. त्यांनी तोंड उघडलं, आणि भिंतीवरची पाटी हळूहळू आडवी झाली.

"दादा!"

जाग आली तेव्हा ते फरशीवर उताणे होते, पाय बाकावर चढवलेले. टॉवेलवाला टॉवेलने वारा घालत होता आणि बडबडत होता. धाकटा त्यांचे गाल थोपटत होता. "दादा, डोळे उघड. ए दादा, वेडा आहेस का तू, एवढा वेळ कशाला बसलास? वहिनीला काय तोंड दाखवू मी?"

मास्तर शुद्धीवर आले होते, पण त्यांनी डोळे लगेच उघडले नाहीत. ही हाक ऐकून किती दिवस झाले होते! मग धाकट्याचा आवाज कापायला लागला, तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"जाऊ नकोस," ते म्हणाले.

टॉवेलवाला पाणी आणायला उठला होता. त्याला वाटलं आपल्यालाच सांगतायत, तो परत बसला.

"तिकडे शब्द दिलाय मी," धाकटा म्हणाला. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"मग परत घे. तू गेलास तर मी कुलूप लावीन दुकानाला. मला दुसऱ्या कुणाशेजारी बसायचं नाही. काम राहू दे बाजूला, मला करमायचं नाही रे."

धाकट्याने आपला टॉवेल त्यांच्या डोक्याखाली सरकवला. "एवढं बोलायला उकडून घ्यावं लागलं तुला," तो म्हणाला.

"लागलं."

"उद्या सकाळी जाऊन त्यांना नाही म्हणून सांगतो. आता गप पडून राहा."

पण मास्तर कसले गप राहतायत? तीन वर्षांचं साचलेलं होतं. पाय बाकावर तसेच ठेवून ते बोलत सुटले. कापडाचे भाव, शेजाऱ्याचा नवीन दरवाजा, बायकोचा घोरण्याचा आरोप, अमुक गिऱ्हाईक कसं आणि तमुक गिऱ्हाईक कसं. टॉवेलवाल्याने वारा घालणं थांबवलं आणि धाकट्याच्या कानाशी लागला.

"चक्कर डोक्यात गेली की काय? का नेहमीच एवढं बोलतात?"

"नेहमीच," धाकटा डोळे पुसत म्हणाला. "लहानपणापासून."