जांभळा ठिपका

वर्गात मला सगळे काकू म्हणतात, सरसुद्धा. पहिल्या दिवशी मी दारातून आत शिरले तेव्हा पुढच्या बाकावरची मुलं पटकन उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नवीन मॅडम आल्या. मी म्हटलं, "बसा रे, मी पण तुमच्यातलीच." तेव्हापासून मी काकू, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. वर्गात अशी पदवी एकट्या मलाच मिळाली आहे.

दिवसा मी कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर असते. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, चुकलेला टाका शोधायचा, खूण करून परत पाठवायचा. लोंबता दोरा माझ्या नजरेतून निसटत नाही, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आता शिलाई मशिनींच्याही पोटात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतात. एक मशीन रुसलं की अख्खी ओळ हातावर हात ठेवून बसते, बाहेरचा मेकॅनिक उगवेपर्यंत. एकदा मी त्याला विचारलं, "नेमकं काय बिघडलं हो?" त्याने मानही वर केली नाही. "ताई, तुम्हाला नाही कळायचं." त्याच आठवड्यात मी संध्याकाळच्या इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला नाव घातलं. माझा राग कधी वाया जात नाही.

माझी लेक याच कॉलेजातून, याच सरांच्या हाताखाली शिकून पहिली आली होती. त्यामुळे घरात फुकटची मास्तरीण होती, पण काय खडूस मास्तरीण! जेवणाच्या टेबलावर ताटं उचलली की बोर्ड मांडायचा. मी हात घातला रे घातला की ती ओरडायची, "आई, हात मागे!" मग मी पाठीमागे हात बांधून शाळेतल्या मुलीसारखी उभी. "आधी बघ. मग मोज. मग विचार कर. हात सगळ्यात शेवटी." लहानपणी हिला मी मांडीवर घेऊन पाटीवर गिरवायला शिकवलं होतं, तेव्हाचा सगळा वचपा ती काढत होती. नवरा बाजूला बसून म्हणायचा, "घरात दोन-दोन इंजिनियर, आणि मिक्सर कधीपासून बंद पडलाय." आम्ही दोघी तिकडे लक्ष देत नव्हतो.

तिचं म्हणणं बरोबर होतं, हेच तर दुःख. माझा स्वभाव उतावळा. कारखान्यात मी शिवण विनाकारण उसवत नाही, कारण एकदा उसवलं की कापडाला भोकं राहतात. पण बोर्ड समोर आला की माझी मती जायची. आवाज येत नाही? काढ हा पार्ट, काढ तो पार्ट.

आणि आमच्या सरांची परीक्षा नेमकी यावरच असते. ते चालू अ‍ॅम्प्लिफायर घेतात आणि त्यात मुद्दाम एक बिघाड घालून ठेवतात, नाहीतर आपोआप बिघडलेला बोर्डच पुढे ठेवतात. विद्यार्थ्याने मोजमापं घेऊन बिघाड शोधायचा. गरम सोल्डरिंग गनने जोड वितळवून एकच पार्ट काढायची परवानगी असते. दुसऱ्या पार्टला हात लावला की नापास. बरोबर पार्ट सापडला तर त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि तो 'मेलेल्यांच्या' बरणीत टाकायचा. हा ठिपका द्यायचा मान ज्याने शोधला त्याचा. नेलपॉलिश लाल, सरांच्या टेबलावरची. फक्त माझ्या लेकीने आपली स्वतःची जांभळी नेलपॉलिश नेली होती. तेव्हा नखांना तोच रंग असायचा तिच्या. त्या ठिपक्याची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली आहे की ती भिंतींनाही पाठ असेल.

मागच्या खेपेला मी तीन पार्ट काढले आणि नापास झाले. ही माझी शेवटची संधी होती. यात गेले असते तर डिप्लोमाही गेला असता, आणि "तुम्हाला नाही कळायचं" हे खरं ठरलं असतं. मला मार्कांची भीती नव्हती. त्या मेकॅनिकचं वाक्य खरं ठरायची होती.

परीक्षेला बाहेरून एक साहेब आले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. सरांनी बोर्ड माझ्यापुढे ठेवला. एका ट्रान्झिस्टरचा साधा अ‍ॅम्प्लिफायर. एका बाजूने इवलासा सिग्नल द्यायचा, दुसऱ्या बाजूने तोच मोठा होऊन बाहेर यायला हवा, शंभरपटीच्या वर. सिग्नलची लाट दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर मी बघितलं. लाट येत होती, स्वच्छ होती, पण बारकी. जेमतेम पाचपट. आजारी माणूस हळू आवाजात बोलतो तशी.

हात आपोआप गनकडे गेला. मग आठवलं, आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. साहेबांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "तुम्ही काही करणार आहात का?"

"करतेच आहे साहेब. विचार करतेय."

मग मीटर घेतला. आधी सिग्नल बंद करून नुसते व्होल्टेज मोजले. ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवर जेवढे हवेत तेवढेच होते. म्हणजे ट्रान्झिस्टर जिवंत, रेझिस्टर जिवंत, सगळं घर नीट चाललंय, फक्त मोठं बोलायची ताकद नाही. असं असलं की बोट एकाच जागी जातं. ट्रान्झिस्टरच्या एका पायाला, ज्याला एमिटर म्हणतात, एक कपॅसिटर जोडलेला असतो. तो सिग्नलला थेट ग्राउंडपर्यंत, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या वायरीपर्यंत, मोकळी वाट करून देतो. ती वाट बंद झाली की आवाज असाच बसतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

मी वाकून त्या कपॅसिटरकडे बघितलं. त्याच्या बुडाशी, पायाजवळ, जांभळ्या रंगाचा एक कण राहिला होता.

सरांनी बरणीतला मेलेला पार्ट काढून, वरचा रंग पुसून, आज तोच या बोर्डात बसवला होता. पुसणाऱ्याची नजर शर्ट तपासणाऱ्याची नव्हती, म्हणून तेवढा कण राहिला. आणि जांभळा ठिपका त्या बरणीत एकच होता. माझ्या लेकीने, पहिली आलेल्या लेकीने, याला मेलेला ठरवलं होतं. म्हणजे उत्तर माझ्यापुढे आयतं वाढून ठेवलं होतं. गन उचलायची, कपॅसिटर काढायचा, घरी जायचं.

पण कानात तिचाच आवाज. हात मागे. आधी मोज.

मेलेल्या कपॅसिटरची एक सोपी परीक्षा असते. काही काढायचं नाही. दुसरा चांगला कपॅसिटर घ्यायचा आणि त्याचे दोन पाय संशयिताच्या दोन पायांना नुसते टेकवायचे. जुना मेला असेल तर नवा त्याचं काम उचलतो आणि लाट लगेच मोठी होते. मी टेबलावरच्या सुट्या पार्टांच्या ट्रेमधला चांगला घेतला, टेकवला. लाट जागची हलली नाही. पाय उलटे लागले की काय म्हणून बघितलं, बरोबर होते. पुन्हा टेकवला. तीच बारकी लाट.

खरं सांगते, मला रडू यायच्या बेतात होतं. पण त्याआधी राग आला. चांगला माणूस कामावर आला तरी काम होत नाही, म्हणजे दोष माणसात नाही, त्याला बसायला दिलेल्या जागेत आहे. मी बोर्डाचा वीजपुरवठा बंद केला. मीटरचं एक टोक कपॅसिटरच्या ग्राउंडकडच्या पायाला लावलं, दुसरं ग्राउंडच्या काळ्या वायरीला. वाट असती तर मीटरने पीप केलं असतं. मीटर गप्प. बोर्ड उलटा करून भिंगातून बघितलं. त्या पायाच्या अगदी कडेला, तांब्याच्या पट्टीत, केसासारखी बारीक भेग होती. एमिटरचा रेझिस्टर दुसऱ्या वाटेने ग्राउंडला गेला होता, म्हणून व्होल्टेज सगळे शहाण्यासारखे येत होते.

"झालं साहेब," मी म्हणाले. "बिघाड ट्रॅकमध्ये आहे. इथे तुटलाय."

साहेबांनी सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा पडला होता. बिचाऱ्यांनी सकाळी स्वतःच्या हाताने मेलेला कपॅसिटर बसवून ठेवला होता.

"आणि कपॅसिटर?" साहेबांनी विचारलं. "तो कसा आहे?"

आता मात्र पंचाईत. ठिपका म्हणत होता मेलाय. सरांचा चेहरा म्हणत होता मेलाय. एका बोर्डात दोन दोष असायला कोणाची बंदी नाही.

"मोजल्याशिवाय सांगणार नाही," मी म्हटलं.

"मग काढून मोजा. एक पार्ट काढायची परवानगी आहे तुम्हाला."

"नको साहेब. काढायला तापवला की जोडाचं सोल्डर वितळून त्या भेगेवर पसरेल. भेग बुजेल, लाट मोठी होईल, आणि सगळे म्हणतील, बघा, कपॅसिटरच होता. मला फक्त एक वायरचा तुकडा द्या."

साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि स्वतः तुकडा कापून दिला. मी वीज चालू केली. वायरचं एक टोक ग्राउंडला धरलं, दुसरं त्या जांभळ्या कणाच्या कपॅसिटरच्या पायाजवळ नेलं. तो खरंच मेला असेल तर काही होणार नव्हतं, आणि मग मी काय बोलले असते, देव जाणे.  तरी टोक टेकवलं.

लाट उसळून पडद्याच्या वर-खाली निघून गेली. सरांना घाईघाईने स्कोपचं बटण फिरवून तिला पडद्यात आणावं लागलं.

"कपॅसिटर ठणठणीत आहे," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडच्या टेबलांवरची मुलं माना वळवून बघायला लागली. बघू दे की. इतक्या दिवसांत मला कधी कुठली गोष्ट इतकी माझी वाटली नव्हती.

साहेब एवढंच म्हणाले, "गन उचललीच नाहीत तुम्ही." मग त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. सर अजून बरणीकडे बघत होते. "काकू," ते म्हणाले, "यातले आणखी किती जिवंत असतील हो?" मग त्यांनी तो कपॅसिटर काढून माझ्या हातावर ठेवला. ठिपका द्यायला मेलेला पार्टच नव्हता, निदान हा तरी घेऊन जा म्हणाले.

घरी येताना मात्र आनंदाला एक काटा टोचत होता. लेकीला सांगायचं कसं? तिच्या पहिल्या नंबरातला हा मानाचा ठिपका. पण लपवलं तर मी तिची शिष्या कसली! टेबलावर तिच्यापुढे कपॅसिटर ठेवला आणि सगळं सांगितलं, भेगेसकट.

तिने लगेच मीटर आणला, कपॅसिटर मोजला, पाय उलटे करून पुन्हा मोजला. मग खुर्चीत मागे टेकून बसली. "हाच बोर्ड माझ्या परीक्षेला आपोआप बिघडलेला आला होता. मी हा काढून नवा लावला, आणि लाट आली," ती हळूहळू म्हणाली. "म्हणजे मी नुसती सोल्डरने भेग बुजवली होती, आणि आज सकाळी सरांनी जुनं सोल्डर उपसलं तशी ती पुन्हा उघडली. आणि याला मेलेला ठरवून मोकळी झाले. आई, त्या दिवशी मी याला मोजलंच नव्हतं."

"तुझी लाट आली होती गं. कोण मोजतं मग?"

"तू मोजलंस."

ती उठून आत गेली. मला वाटलं, लागलं हिच्या मनाला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तेवढ्यात ती परत आली, एका हातात रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस आणि दुसऱ्या हातात नेलपॉलिशची बाटली. कपॅसिटरच्या बुडाचा तो कण तिने घासून काढला आणि त्याला चांगल्या पार्टांच्या डब्यात टाकलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. माझे हात, सवयीने, पाठीमागे होते.

"आई," ती म्हणाली, "हात पुढे कर."

मी अंगठा पुढे केला. तिने बाटली उघडली आणि नखावर एकच ठिपका दिला, जांभळा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एक मशीन बंद पडलं. मेकॅनिक येईपर्यंत ओळ थांबली होती. मी तपासणीच्या टेबलावरून उठले, मशीनजवळ गेले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.